कुशनचं कव्हर आणि पिवळा कपलर

नवी मोटार दारात आली की पूजेच्या नारळापाठोपाठ सीट कव्हरचा विषय निघतो. कंपनीने दिलेलं कापड बहुतेक वेळा फिक्या बदामी रंगाचं असतं. आपल्याकडची धूळ, उन्हाळ्यातला घाम, पावसाळ्यातली ओली छत्री आणि मागून पुढे फिरणारा वेफर्सचा पुडा यांच्यापुढे ते वर्षभरही टिकणार नाही, हे मालकाला पहिल्याच दिवशी कळतं. म्हणून पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठायचा, ‘बकेट फिट’ कव्हरचा संच पसंत करायचा आणि चहा होईपर्यंत तो चढवून घ्यायचा, असा आपला शिरस्ता आहे. त्यामागची गरज खरी आहे. घोळ होतो तो या कामाकडे बघण्यात. दुकानदार, फिटर आणि मालक तिघेही ते गादीला अभ्रा घालण्याइतकं निरुपद्रवी समजतात. आजच्या गाडीतली पुढची सीट मात्र बसायच्या जागेपेक्षा बरंच काही आहे. सीटबेल्ट आणि एअरबॅग यांच्या जोडीने अपघातात माणसाला धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा ती एक भाग आहे, आणि तिचं कव्हरही त्या यंत्रणेतच मोडतं. कव्हर बदलू नये असं माझं म्हणणं नाही. बदलायचं तर ब्रेकच्या कामाला जी शिस्त लावतो ती इथेही लावावी, एवढंच म्हणणं आहे.

आपली सवय पडली ती वेगळ्या गाड्यांच्या काळात. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या सीटमध्ये लोखंडी सांगाडा, स्प्रिंगा, वर काथ्या किंवा फोम आणि त्यावर रेक्झिन, एवढाच ऐवज होता. तिथे कोपऱ्यावरच्या सीटवाल्याने रेक्झिन उसवून नवं शिवलं तरी काही बिघडायचं कारण नव्हतं, कारण बिघडण्याजोगं आत काही नव्हतंच. चित्र बदललं ते गेल्या काही वर्षांत. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग आणि पुढच्या दोन्ही जागांसाठी सीटबेल्टची आठवण देणारा बझर सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना शेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग आली. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा निघाला. त्याची तारीख आधी ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढे गेली आणि मग सक्तीच बारगळली, पण बाजार थांबला नाही. २०२५ मध्ये मारुती सुझुकीने ऑल्टो के-१०, सेलेरिओ आणि वॅगन-आर यांसारख्या लहान गाड्यांनाही सहा एअरबॅगा सरसकट दिल्या. या सहांपैकी दोन डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगमध्ये असतात, दोन छताच्या कडेला पडद्यासारख्या. उरलेल्या दोन असतात पुढच्या सीटांच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला. म्हणजे ज्या सीटमध्ये काल नुसता काथ्या किंवा फोम होता, तिच्यात आज स्फोटक द्रव्याची डबी बसलेली आहे.

सीटच्या पाठीत एअरबॅग ठेवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती व्होल्वोने, १९९४ मध्ये, ८५० या मॉडेलात. कारण उघड आहे. सीट पुढेमागे सरकते, माणूसही तिच्याबरोबर सरकतो, तेव्हा बाजूची एअरबॅग सीटमध्येच असली तर ती कायम बरगड्यांच्या शेजारी राहते. पण बाजूच्या धडकेत वेळ फारच थोडा मिळतो. समोरच्या धडकेत बॉनेट चुरगळतं आणि तेवढी उसंत मिळते. बाजूला मात्र दाराचा पत्रा आणि खांदा यांत वीतभर अंतर. हिशेब करून बघा: ताशी ५० किलोमीटरने येणारं वाहन एका सेकंदात जवळपास १४ मीटर कापतं, म्हणजे १० मिलिसेकंदांत १४ सेंटीमीटर. एवढ्यात सेन्सरने धडक ओळखायची, ठिणगी पाडायची आणि पिशवीने कापड फाडून बाहेर येऊन दार आणि माणूस यांच्यामध्ये उभं राहायचं. ठिणगीपासून पिशवी फुगेपर्यंतचं सगळं काम साधारण १० ते २० मिलिसेकंदांत उरकावं लागतं. पिशवी बाहेर येते ती मूळ कव्हरच्या एका ठरावीक शिवणीतून. त्या शिवणीचा दोरा, टाक्यांचं अंतर आणि ताण ठरवून दिलेले असतात. कारखान्यात ती शिवण घालणारं यंत्र दोऱ्याचा ताण मोजत राहतं आणि कोणतं कव्हर केव्हा कसं शिवलं याची नोंद बारकोडसह जपली जाते. सीटच्या कडेला ‘एसआरएस एअरबॅग’ असं लिहिलेली जी चिमुकली पट्टी दिसते, ती याच शिवणीच्या आसपास असते.

यावर दुकानात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, ‘एअरबॅगची ताकद एवढी असते की ती काहीही फाडून येईल.’ ताकद असते हे खरं. पण ताकद हा इथला मुद्दाच नाही. जाड कव्हरवर अडखळून पिशवी १० मिलिसेकंद उशिरा आली, तर वरच्या हिशेबाने दार तोवर १४ सेंटीमीटर आत आलेलं असू शकतं. आणि ती बाहेर पडलीच, पण कव्हरने तिला पुढे किंवा वर वळवलं, तर बरगड्यांपुढे असायला हवी ती पिशवी भलतीकडेच फुगेल. ‘एअरबॅग कम्पॅटिबल’ असं खोक्यावर छापलेल्या कव्हरला त्या जागी कच्ची शिवण दिलेली असते. कल्पना चांगली आहे, पण ती त्याच मॉडेलच्या त्याच सीटवर प्रत्यक्ष फोडून तपासली आहे का, हा प्रश्न विचारायला हवा. शिवाय कच्ची शिवण दाराकडच्याच बाजूला यायला हवी. घाईत डावं कव्हर उजव्या सीटवर चढलं की ती शिवण मधल्या हँडब्रेककडे येते आणि एअरबॅगपुढे उरते ती पक्की, दुहेरी शिवलेली कड. म्हणूनच बहुतेक कंपन्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये, बाजूची एअरबॅग असलेल्या सीटवर आम्ही मान्य न केलेलं कव्हर घालू नका, अशी सूचना असते. ते पान कुणी उघडत नाही, हा भाग वेगळा.

मग कोणी म्हणेल, पाठीला हात लावत नाही, फक्त बसायच्या कुशनचं कव्हर बदलतो. तिथे कुठे एअरबॅग आहे? हा आक्षेप बऱ्याच अंशी बरोबर आहे. भारतात मिळणाऱ्या नेहमीच्या गाड्यांत कुशनमध्ये एअरबॅग नसते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या २०१२ च्या टोयोटा यारिसमध्ये ती होती, पण तो अपवाद धरू. फाटतं, मळतं आणि बसकं होतं ते मुख्यतः कुशनच, त्यामुळे फक्त तेवढंच बदलणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. तरीही कुशन म्हणजे निव्वळ गादी नव्हे. शेजारच्या सीटच्या कव्हरखाली, फोमवर, एक पातळ चटईसारखा सेन्सर असतो. वजन पडलं की सर्किट जुळतं आणि बेल्ट लावला नसेल तर बझर वाजतो. काही गाड्यांत ही यंत्रणा पुढे जाऊन वजनाचा अंदाज घेते आणि सीटवर लहान मूल आहे असं वाटलं तर समोरची एअरबॅग बंद ठेवते. अमेरिकेत २००३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नियमांमुळे तिथल्या गाड्यांत हे सर्रास आहे. परदेशात गाडी वापरणाऱ्या मराठी वाचकांनी ते ध्यानात ठेवावं. अशा सीटमध्ये फोम, सेन्सर आणि कव्हर हे एकमेकांशी जुळवून मापलेले असतात, म्हणून कित्येक कंपन्या ते सुटे विकतच नाहीत. कव्हर जास्त ताणून बसवलं तर रिकाम्या सीटवरही सेन्सरला वजन जाणवतं. मध्ये जाड फोमचा थर टाकला तर माणूस बसूनही त्याला पत्ता लागत नाही. पहिल्या प्रकारात बझर उगाच वाजत राहतो आणि मालक वैतागून बाजारातली बकलमध्ये खोचायची क्लिप शोधतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना काढून टाकायला लावली, तीच ही क्लिप.

कुशनचा आकार हा त्याहून दुर्लक्षित विषय आहे. बसायची जागा पुढच्या बाजूला किंचित उंच असते. ते मांड्यांच्या आरामासाठी आहे असं आपल्याला वाटतं. पण समोरची धडक बसली की कंबर खाली आणि पुढे घसरू पाहते आणि तो चढ, विशेषतः फोमखालच्या पत्र्याचा चढ, तिला अडवतो. कंबर घसरली तर बेल्टचा खालचा पट्टा कटीच्या मजबूत हाडांवरून निसटून मऊ पोटावर चढतो आणि आतड्यांना, यकृताला इजा होते. अभियंते याला सबमरिनिंग म्हणतात. आता गुळगुळीत, पॉलिश मारल्यासारख्या कृत्रिम लेदरचं कव्हर आणि त्याखाली ‘एक्स्ट्रा कम्फर्ट’ म्हणून दोन बोटं जाडीचा मऊ फोम, अशी जोडी डोळ्यांसमोर आणा. माणूस मूळ आराखड्यापेक्षा वर बसतो, बेल्टचा कोन बदलतो, बुडाखालची पकड कमी होते. दुकानात बसून बघताना जी गोष्ट सुखाची वाटते, तीच इथे उलटते. निवड करायची झाली तर विणीचं, थोडं खरखरीत कापड आणि मूळ जाडी, ही माझी पसंती राहील. गाडीला हवेशीर सीट असेल, म्हणजे कुशनखाली पंखा आणि वर छिद्रांचं कापड, तर त्यावर बंद लेदर चढवणं म्हणजे पैसे भरून घेतलेली सोय पैसे भरूनच बंद करणं.

‘लाखो गाड्यांना कव्हरं आहेत, कुणाचं काय झालं?’ हा सर्वांत जोरकस आक्षेप. पण ज्या गाडीला धडक बसलीच नाही, तिच्या कव्हरची परीक्षा झालेलीच नाही. तिला उत्तीर्ण कसं म्हणायचं? आणि जिथे धडक बसली, तिथे एअरबॅग कव्हरमुळे उशिरा आली की धडकच जबर होती, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात कोण तपासतो? पुरावा हवा तर तो नियंत्रित चाचणीतूनच मिळतो. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये समोरून ताशी ६४ किलोमीटरने आणि बाजूने ताशी ५० किलोमीटरने धडक घडवतात, आणि जास्त तारे हवे असतील तर खांबावर बाजूने आदळण्याचीही चाचणी असते. ज्या पाच ताऱ्यांची जाहिरात बघून आपण गाडी घेतो, ते तारे कारखान्यातून आलेल्या सीटने, कारखान्याच्या कव्हरने मिळवलेले असतात. त्यावर चढवलेल्या संचाबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. वरून चढवायचं कव्हर असेल तर सीट काढावी लागत नाही. फक्त बांधायच्या नाड्या आणि हूक सीटखालच्या वायरींना, सरकत्या रुळांना आणि बकलच्या देठाला अडकत नाहीत, हे टॉर्च मारून बघावं. मूळ कव्हर काढून तसंच नवं बसवायचं असेल तर मात्र बहुधा सीट खोलावी लागते आणि तिथे क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी सीट पूर्ण मागे घेऊन पुढचे बोल्ट, मग पूर्ण पुढे घेऊन मागचे बोल्ट सोडवतात. सीट विजेवर चालणारी असेल तर हे सरकवणं बॅटरी काढण्याआधीच उरकावं, नाहीतर बोल्ट झाकलेला राहतो आणि पुन्हा वीज जोडण्याचा मोह होतो. त्यानंतर इग्निशन बंद करून बारा व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची आणि थांबायचं. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून तो थोडी वीज साठवून ठेवतो. ती ओसरायला कोणती कंपनी ९० सेकंद सांगते, कोणती ३ मिनिटं. आपल्या गाडीचा आकडा ठाऊक नसेल तर दहा मिनिटं थांबल्याने काही जात नाही. विजेवरच्या गाडीतही हीच छोटी बॅटरी सोडवायची. नारिंगी रंगाच्या जाड तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही.

मग सीट मागे कलती करायची आणि खालचे कपलर सोडवायचे. पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळी वायर म्हणजे एअरबॅग किंवा बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर. हे दोन्ही स्फोटक द्रव्यावर चालतात आणि काही गाड्यांत प्रीटेन्शनर बकलच्याच बुडाशी, म्हणजे कुशनला अगदी चिकटून असतो. कपलरला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात टेकवून अंगातली स्थिर वीज उतरवावी. वायर ओढू नये, कुलूप दाबून कपलर सोडवावा. आणि ‘चालू आहे का बघू’ म्हणून त्यावर मल्टीमीटर लावणं ही सर्वांत वाईट कल्पना, कारण रोध मोजताना मीटर स्वतःचा प्रवाह आत सोडतो. सीट बाहेर असताना चावीही फिरवू नये; युनिटला सर्किट तुटलेलं दिसतं, ते बिघाड नोंदवतं आणि मग स्कॅनर लावून तो पुसावा लागतो.

कव्हर फोमला धरून ठेवतात त्या इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वाकवलेल्या तारेच्या रिंगा. कव्हरच्या आतल्या शिवणीत एक तार असते, फोमच्या खाचेत दुसरी, आणि रिंग त्या दोघींना जखडते. सीटवरच्या त्या सुबक घड्या याच्यामुळे उमटतात. कडेला प्लॅस्टिकच्या पट्ट्या सांगाड्यात अडकवलेल्या असतात. जुन्या रिंगा कटरने कापाव्यात. पिळून ओढल्या तर फोममधली तार निघून येते आणि फोम कायमचा फाटतो. काढण्याआधी प्रत्येक खाचेचा फोटो घ्यावा. नव्या रिंगा त्याच जागी, टोकं खाली वळवून, त्यासाठीच्या पकडीने लावाव्यात. इथे खरा धोका आहे तो सेन्सरच्या चटईला किंवा सीट गरम करणाऱ्या पॅडला रिंग टोचण्याचा. गरम करणारं पॅड दुमडलं गेलं तर त्या घडीवर उष्णता साठते, कापड करपतं. केबल टाय हा रिंगेला स्वस्त पर्याय म्हणून चालतो. कापलेलं टोक मात्र बसणाऱ्याकडे येऊ नये. फोमवर पातळ प्लॅस्टिक घालून कव्हर सरकवलं तर ते सहज बसतं, पण शेवटी ते प्लॅस्टिक आठवणीने ओढून काढावं. सुरकुत्या काढायला वाफ मारण्याची पद्धत आहे. सेन्सर असलेल्या सीटवर ती टाळलेली बरी.

सीट परत ठेवताना दोन्ही रूळ एकाच खाचेत आहेत ना, हे आधी बघायचं. एक पुढे आणि एक मागे राहिला तर बोल्ट बसतील, पण सीट नीट लॉक होणार नाही, आणि बेल्टचं बकल त्याच सांगाड्याला लावलेलं असतं हे विसरता येत नाही. चारही बोल्ट हाताने धरवून मग मॅन्युअलमधल्या आकड्याइतके टॉर्क पान्याने आवळायचे. बॅटरी जोडताना आणि पहिल्यांदा चावी फिरवताना सीटवर कुणी बसू नये. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला की सर्किट जुळलं. हा दिवा काय सांगतो आणि काय नाही, हे मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. युनिट फक्त वायरीतला रोध तपासतं, जो साधारण २ ओहम असतो. वर कोणतं कापड आहे, शिवण कुठे आहे, फोम किती जाड आहे, यातलं काहीच त्याला दिसत नाही.

खर्चाचा आक्षेप शेवटी उरतोच. कंपनीचं मूळ कव्हर किंवा कंपनीने मान्य केलेला ॲक्सेसरी संच बाजारापेक्षा महाग पडतो, हे खरं आहे. पण सगळा संच हवा असतोच असं नाही. उसवलेली शिवण कुशनची असेल तर तेवढंच कव्हर काढून चांगल्या कारागिराकडून शिवून घेता येतं. फक्त पाठीच्या दाराकडच्या शिवणीला कुणालाही सुई लावू देऊ नये. मळाची काळजी असेल तर फक्त कुशनवर बसणारं, पाठीच्या कडा मोकळ्या सोडणारं, धुता येणारं कव्हर स्वस्तातलं चालेल. कापड निवडताना आगीचाही विचार हवा. मोटारीच्या आतल्या कापडासाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक आहे, तर अमेरिकेत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळणारं साहित्य चालत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था या चाचण्या करतात. दुकानदाराकडे अहवाल मागितला तर बहुतेकदा तो हसेल, पण दहा जणांनी मागितला की अकराव्याला तो दाखवावा लागेल.

जुनी गाडी घेणाऱ्यांना एक तपासणी फुकटात करता येते. आधीच्या मालकाची कव्हरं काढायला लावा आणि सीटच्या दाराकडच्या कडेची ती पट्टी आणि मूळ शिवण जागेवर आहे का, कुणी हाताने पुन्हा शिवली आहे का, ते बघा. मग सीटखाली वाकून पिवळा कपलर शोधा. एअरबॅग एकदा उडून गेल्यावर नवी न बसवता, कपलरमध्ये साधारण तेवढ्याच रोधाचा एक किरकोळ रेझिस्टर खोचून दिवा विझवण्याची चलाखी बाजारात होते. कपलरवर चिकटपट्टी गुंडाळलेली किंवा वायर कापून जोडलेली दिसली, तर किमतीवर घासाघीस करण्याआधी गाडी सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर न्या आणि सीटची पाठ उघडून आत एअरबॅग आहे की नुसती पोकळी, हे डोळ्यांनी बघून घ्या.